गिटारच्या पहिल्या कॉर्ड्स : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मी नुकतीच गिटार शिकायला सुरुवात केली आहे. कॉर्ड (एकत्र वाजणारे स्वर) धरली की एकदोन तारा हमखास बद्द वाजतात आणि जास्त जोर लावला तर बोटांची टोके दुखून येतात. माझी बोटे आखूड असल्यामुळे असे होत असेल का?

उत्तर : बोटांच्या लांबीला उगाच दोष दिला जातो. बहुतेक वेळा जोर कमी पडत नसतो, बोटाची जागा चुकलेली असते. दाबलेली तार फ्रेटच्या धातूच्या पट्टीवर नीट टेकली की स्वर स्वच्छ निघतो. म्हणून बोट त्या पट्टीच्या अगदी अलीकडे असेल तर थोडा दाब पुरतो, आणि दोन पट्ट्यांमधल्या घरात ते मागे राहिले तर कितीही दाबले तरी तार खरखरते. बद्द वाजण्याचे दुसरे कारण म्हणजे बोट आडवे पडून शेजारच्या तारेला टेकणे. डाव्या हाताची नखे कापलेली हवीत, बोटाचे शेवटचे पेर उभे हवे आणि अंगठा गिटारच्या गळ्याच्या (दांडीच्या) मागे, साधारण मधल्या बोटाच्या समोर असावा.

सी मेजर धरून पाहा. सर्वांत बारीक तार पहिली मानली, तर पाचव्या तारेवर तिसऱ्या घरात अनामिका, चौथीवर दुसऱ्या घरात मधले बोट आणि दुसरीवर पहिल्या घरात तर्जनी येते. तिसरी आणि पहिली तार मोकळी राहते, सहावी वाजवायची नसते. आता पाचवीपासून खाली एकेक तार सुटी छेडा. तिसरी बद्द वाजली तर मधले बोट कलले आहे, पहिली बद्द वाजली तर तर्जनी. दोष कोणत्या बोटाचा हे कळले की सगळा हात आवळण्याची गरज उरत नाही.

टोके दुखणे साहजिक आहे; काही आठवड्यांत तिथे घट्टे पडतात. तोवर दिवसातून दोनतीनदा थोडा थोडा वेळ वाजवणे हे एकदाच तासभर वाजवण्यापेक्षा बरे. मनगट किंवा कोपरापर्यंतचा हात दुखू लागला, तर मात्र वाजवणे थांबवून बैठक आणि मनगटाचा बाक तपासावा. स्टीलच्या तारांच्या अकूस्टिक गिटारवर बाराव्या फ्रेटपाशी तार आणि पट्टी यांत साधारण २ ते ३ मिलिमीटर अंतर असते. ते ४ मिलिमीटरच्या पुढे असेल, तर दुखण्याचे कारण तुमचा हात नसून वाद्य आहे. जाणकाराकडून तारांची उंची कमी करून घ्यावी.

प्रश्न : कॉर्ड्सच्या तक्त्यात शेकडो आकृत्या असतात. आधी कोणत्या शिकाव्यात? आणि मेजर-मायनर म्हणजे नेमके काय?

उत्तर : तक्ता बाजूला ठेवा. ई मायनर, जी, सी, डी आणि ए मायनर या पाच कॉर्ड्सवर पुष्कळ गाणी निभावतात, आणि ई मायनरला तर दोनच बोटे लागतात. मेजर-मायनरचा फरक हातानेच समजून घ्यावा. कोणताही स्वर सा मानून त्याच्याबरोबर ग आणि प वाजवला की कॉर्ड तयार होते; ग शुद्ध असेल तर ती मेजर, कोमल असेल तर मायनर. ई मेजर धरा आणि तिसऱ्या तारेवरची तर्जनी उचला. ग अर्ध्या स्वराने उतरला आणि हातात ई मायनर आली.

प्रश्न : सुटी कॉर्ड स्वच्छ वाजते, पण गाण्यात दर वेळी कॉर्ड बदलताना मी थांबतो. किती सराव केला म्हणजे हे जाईल?

उत्तर : सराव कशाचा करता यावर ते अवलंबून आहे. बहुतेक जण कॉर्ड धरून बसण्याचा सराव करतात, आणि गाण्यात अडचण येते ती एका कॉर्डवरून दुसरीवर जाताना. म्हणून एका वेळी दोनच कॉर्ड्स घ्याव्यात आणि त्यांच्यात कोणते बोट हलवावे लागत नाही हे आधी शोधावे. सीवरून ए मायनरवर जाताना तर्जनी आणि मधले बोट जागचे हलत नाही, फक्त अनामिका पाचव्या तारेवरून तिसरीवर, दुसऱ्या घरात येते. ए मायनरवरून ई मेजरवर जाताना तीनही बोटांचा आकार तोच राहून सगळा हात एक तार जाड बाजूला सरकतो. असा एक बदल मिनिटभरात किती वेळा जमतो ते मोजून लिहून ठेवावे. आठवडाभराने आकडा बघितला की प्रगतीबद्दल तर्क करावा लागत नाही.

आणखी एक सवय बदलण्यासारखी आहे. सी धरताना नवशिके आधी तर्जनी ठेवतात आणि अनामिका शेवटी. पण वरून खाली येणारा उजवा हात आधी जाड तारांना लागतो. अनामिका प्रथम टेकवली, तर बाकीच्या बोटांना निमिषभर सवड मिळते, आणि ती पुरते.

तरीही खरी मेख उजव्या हातात आहे, असे माझे मत आहे. डावा हात अडखळला की उजवा त्याच्यासाठी थांबतो, आणि ठेका तिथेच मोडतो. मेट्रोनोम (ठरावीक लयीत टिकटिक करणारे यंत्र) मिनिटाला ६० ठोक्यांवर लावून चार मात्रांना एक कॉर्ड धरा आणि उजवा हात काहीही झाले तरी खाली-वर चालू ठेवा. चौथ्या मात्रेच्या उत्तरार्धात डावा हात उचलून पुढच्या कॉर्डकडे न्यावा. तेवढ्यात मोकळ्या तारा वाजल्या तर वाजू द्याव्यात. मुरलेले वादकही हेच करतात आणि ऐकणाऱ्याला ते खटकत नाही. वेळेवर आलेली थोडी बद्द कॉर्ड चालून जाते; उशिरा आलेली स्वच्छ कॉर्ड गाणाऱ्याला अडवते.

प्रश्न : एफ कॉर्ड काही केल्या वाजत नाही. तर्जनीने सहाही तारा कशा दाबायच्या?

उत्तर : सहाही दाबाव्या लागत नाहीत. पाचवी, चौथी आणि तिसरी तार अनामिका, करंगळी आणि मधले बोट सांभाळतात. तर्जनीच्या वाट्याला सहावी, दुसरी आणि पहिली एवढ्याच येतात. तर्जनी किंचित अंगठ्याच्या बाजूला कलती करून तिच्या हाडाळ कडेने दाबा. पहिल्या घरात, नटच्या (गळ्याच्या टोकाशी तारा ज्या पट्टीवर टेकतात तिच्या) लगत, तार सर्वांत ताठ लागते. म्हणून हाच आकार आधी पाचव्या घरात धरावा, तिथे तो ए मेजर होतो, आणि मग एकेक घर मागे यावे. तोवर गाणे अडू नये म्हणून चौथ्या तारेवर तिसरे, तिसरीवर दुसरे आणि दुसरीवर पहिले घर दाबून पहिली तार मोकळी ठेवा आणि या चारच तारा वाजवा. ही एफ मेजर सेव्हन. सीमधल्या गाण्यांत ती बहुधा खपून जाते.

प्रश्न : गाण्याची पट्टी माझ्या गळ्याला खाली पडते. कॅपो (एका घरात सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा) लावणे ही पळवाट आहे का?

उत्तर : मुळीच नाही. प्रत्येक घर म्हणजे अर्धा स्वर, त्यामुळे दुसऱ्या घरात कॅपो लावून जी, सी, डी धरल्या की ए, डी, ई ऐकू येतात. कॅपोने पट्टी फक्त चढते. उतरवायची असेल तर आकार बदलावे लागतात, म्हणजे एमधले गाणे कॅपोशिवाय जीच्या आकारांनी वाजवले की ते एका स्वराने खाली येते. कॅपो फ्रेटच्या पट्टीला लगटून आणि सरळ बसवावा, आणि तो तारा ओढून स्वर थोडे चढवत असल्याने बसवल्यावर ट्यूनरवर सहाही तारा पुन्हा तपासाव्यात.