तो उतरतो कसा, ते बघ

इंदूर, रविवार रात्र

प्रिय मुली,
अनेक उत्तम आशीर्वाद.

काल फोनवर तुझा आवाज ऐकला तेव्हाच कळलं की या मुलाचं नाव शिबिरासाठी द्यायचं तुझं मन ठरलेलं आहे. मुलगा डाव्या गुडघ्याच्या लिगामेंटच्या ऑपरेशननंतर अकरा महिन्यांनी परतला, रेसकोर्स रोडच्या बास्केटबॉल कॉम्प्लेक्समध्ये त्याने दोन डंक मारले, म्हणजे उंच उडून चेंडू हातानेच रिंगमध्ये घातला, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि तुझे डोळे भरून आले. एकोणीस वर्षांचा, सहा फूट आठ इंचांचा सेंटर, म्हणजे बास्केटजवळ खेळणारा उंच खेळाडू, तोही चेंडू हळुवार हाताळणारा, आपल्याकडे वर्षानुवर्षं मिळत नाही. मलाही तो हवाच आहे. पण शिबिरासाठी नावं पाठवायला अजून दहा दिवस आहेत, ते त्याला नीट बघण्यात घाल.

डंकच्या वेळी तू चेंडू बघितलास. पुढच्या वेळी चेंडू रिंगमध्ये गेला की नजर खाली आण. ऑपरेशन झालेला डावा पाय तो उजव्याच्या बरोबरीने टेकवतो की सगळं वजन उजव्यावर घेऊन डावा नुसता खाली ठेवतो? गुडघा पावलाच्या रेषेत राहतो की आत झुकतो? आवाजही ऐक. दोन्ही पाय एकदम टेकले तर एकच आवाज येतो. जपून उतरणाऱ्याचे दोन येतात, एकामागून एक.

आणि दुसरी उडी बघ. सेंटरची खरी परीक्षा तिथेच असते. पहिल्या उडीआधी त्याला वेळ मिळतो, मन तयार असतं. रिबाउंड, म्हणजे रिंगवर आपटून परतलेला चेंडू, बोटांना लागून निसटला की लगेच पुन्हा उडायचं असतं आणि तेव्हा पायाचा विचार करायला सवड नसते. ज्याचा पायावर अजून भरवसा बसलेला नाही तो तिथे क्षणभर अडखळतो, आणि त्याच्यापेक्षा हातभर बुटका फॉरवर्ड चेंडू घेऊन जातो. असं एकदा झालं तर सोडून दे. एका मॅचमध्ये पाच वेळा झालं तर लिहून ठेव. तो पोस्टमध्ये, म्हणजे बास्केटकडे पाठ करून उभा असताना, कोणत्या खांद्यावरून वळतो तेही लिही. दुखापतीआधी तो दोन्हीकडे वळायचा. आता डावा पाय रोवून त्यावर गिरकी घेणं, म्हणजे पिव्होट, टाळत असेल तर समोरचा हुशार डिफेंडर दोन चालींत ते ओळखेल.

हे आपल्याच मुलांच्या सरावात दिसणार नाही. रिबाउंडसाठी अंगाने अडवताना, म्हणजे बॉक्स आउट करताना, त्याच्या कंबरेवर कोणी पूर्ण भार टाकत नाही, त्याच्या पायाखाली कोणी जात नाही. सगळे त्याला जपतात आणि त्याचं मला कौतुकच वाटतं. पण त्यामुळे तुला दिसतो तो जपलेला मुलगा. त्याला ओळखत नाहीत असे रेल्वेतले किंवा पोलिसातले मोठे, जाडजूड खेळाडू बोलाव. ते कोपर लावतील, ढकलतील. त्या गर्दीतून तो दोन पायांवर खाली आला की मग आपण बोलू.

तू अमेरिकेच्या एनबीए लीगमधल्या ग्रेग ओडेन या सेंटरचं नाव घेतलंस म्हणून त्याच्याबद्दल लिहितो. २००७ साली नव्या खेळाडूंच्या निवडीत पोर्टलंडच्या संघाने त्याला पहिल्या क्रमांकावर घेतलं. सीझन सुरू होण्याआधीच उजव्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली आणि ते अख्खं वर्ष गेलं. पुढच्या वर्षी तो ६१ मॅच खेळला. मग डिसेंबर २००९ मध्ये वाटी फुटली ती डाव्या गुडघ्याची, म्हणजे ज्याची कोणाला काळजी नव्हती त्या पायाची. म्हणून तुला म्हणतो, या मुलाचा चांगला पायही तपास. लिगामेंटच्या ऑपरेशननंतर परतलेल्या तरुण खेळाडूंत दुसरा गुडघा जाण्याचाही धोका असतो.

उलट त्याच लीगमधल्या जोएल एम्बीड या सेंटरला पायाच्या हाडाने दोन पूर्ण सीझन बसवलं. २०१६ मध्ये तो आला तेव्हा त्याला मिनिटं मोजून दिली गेली. त्या सीझनमध्ये तो ३१ मॅच खेळला, सरासरी पंचवीस मिनिटांत वीस गुण करत होता, आणि मग गुडघ्याने पुन्हा थांबवलं. २०२३ मध्ये तोच लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. तिथल्याच चेट होमग्रेनचं पावलाच्या दुखापतीने एक वर्ष गेलं आणि परतल्यावर २०२३-२४ मध्ये तो ८२ पैकी ८२ मॅच खेळला. उंची साधारण सारखी, आशा सारख्या, पण तिघांच्या वाटा तीन. त्यामुळे कोणाचंही उदाहरण पुढे ठेवून या मुलाचं भविष्य सांगू नकोस. त्याचा गुडघा त्याचाच आहे.

फिजिओचा कागद जरूर माग. ऑपरेशनला नऊ महिने होऊन गेलेले हवेत. मांडीची ताकद आणि एका पायावरची उडी दुसऱ्या पायाच्या निदान नव्वद टक्के हवी. ते नसेल तर पुढचं काही बघूच नकोस. असेल, तर मॅचच्या दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्या घरी जा. गुडघ्याच्या वाटीच्या कडा दिसतात का? रात्रीत सूज आली असेल तर त्या बुजतात. मॅचच्या आकडेवारीपेक्षा मला त्या सकाळच्या गुडघ्यावर जास्त विश्वास आहे.

चाळीस मिनिटांपैकी सुरुवातीला बारा-चौदा दे, तीही तुकड्यांत. बाकावर बसला की अंग थंड पडतं, म्हणून परत पाठवण्याआधी पाच मिनिटं हलू दे. शेवटच्या क्वार्टरमध्ये त्याचे फ्री थ्रो बघ. चेंडू रिंगच्या पुढच्या काठाला लागू लागला की पाय संपले असं समज आणि त्याला बाहेर काढ. स्कोअर काहीही असो.

हे शेवटचं वाक्य मी स्वतः पाळलं नाही. फार वर्षांपूर्वी असाच एक सेंटर माझ्याकडे होता, सात महिन्यांनी परतलेला. फायनलमध्ये आपण दोन गुणांनी मागे होतो. त्याने बाकाकडे बघून हाताने खूण केली, थकलोय म्हणून. मी मान हलवली आणि त्याला आत ठेवलं. तो रिबाउंडला उडाला, आणि खाली आल्यावर जे ओरडला ते मला अजून ऐकू येतं. मॅच आपण जिंकलो. तो पुन्हा खेळला नाही. त्याच्या आईने मला कधीच काही विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

म्हणून या मुलाशी आधीच बोलून ठेव. "थकलो" म्हटल्याने नाव कापलं जाणार नाही, असं त्याला तुझ्या तोंडून कळलं पाहिजे. नाहीतर तो खोटं बोलेल. एकोणिसाव्या वर्षी सगळेच बोलतात. आणि सतराव्या वर्षी तो कसा उडायचा, ही गोष्ट त्याच्यासमोर कोणाला काढू देऊ नकोस. तुला तुलना करायची असेल तर त्याच्याच गेल्या पंधरवड्याशी कर.

शनिवारच्या मॅचला मी येतो. आपण बेसलाइनच्या, म्हणजे बास्केटमागच्या रेषेच्या, मागे बसू, तिथून पाय दिसतात. वही आण, आणि तुझ्या त्या कोऱ्या पानावर अजून निर्णय लिहू नकोस.

तुझा,
सर