आमच्या ज्येष्ठांच्या मंडळात नवीन आलात, म्हणून सांगतो

भाऊ, मुलगा पुण्याला बोलावतो, पण नागपूरचं, धरमपेठेतलं घर तुम्हाला सोडवत नाही. नका सोडू. फक्त दार लावून बसू नका.

पहिले 3 महिने अंबाझरी तलावावर रोज या, बोलावंसं वाटलं नाही तरी. मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो, म्हणून आम्ही सकाळी साडेपाचलाच जमतो. जो आला नाही त्याला फोन. उचलला नाही, तर कुणीतरी घरी जातं. मागच्या उन्हाळ्यात मी बाथरूममध्ये पडलो होतो. बादली लवंडलेली, मोबाइल बाहेर वाजतोय, आणि हात नळापर्यंतही पोचेना. शेजारच्या वहिनींकडे किल्ली होती, म्हणून मंडळी लगेच आत आली. भिंतीला दांडी मी त्यानंतर बसवली. तुम्ही आधीच बसवा, आणि किल्ली आजच शेजारी द्या.

14567 ही ज्येष्ठांची हेल्पलाइन. नंबर मोठ्या अक्षरांत फोनजवळ चिकटवा. 75 पूर्ण झाले की एसटीला तिकीट नाही; वर्ध्याच्या मित्राकडे खुशाल जाऊन या.

आणि वहिनी गेल्यापासून तुम्ही रात्री नुसतं दूध पिऊन झोपता, हे मला कळलंय. गुरुवारी आमच्याकडे जेवायला या. वांग्याचं भरीत करायला सांगतो.