'व्याकुळ'रावांचं काय करायचं?

ताई, मी सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर दिवाणजी आहे. कॉलेजपासून 'व्याकुळ' या नावानं कविता करतो, दिवाळी अंकांत काही छापूनही आल्या. आता हरिपूरच्या पेवांवरची, म्हणजे हळद साठवायच्या जमिनीखालच्या कोठारांवरची, कादंबरी लिहून झालीय, प्रकाशकांना पाठवायचीय. बायको म्हणते, या नावानं पुस्तक आलं तर लोक हसतील. मित्र म्हणतो, कमावलेलं नाव सोडू नकोस. मला 'संगम हरिपूरकर' असं नवीन नाव सुचलंय. खरं नाव नको वाटतं, कारण कादंबरीतला अडत्या आमच्या शेठवर बेतलाय. पहिलं प्रकरण सोबत जोडलंय. काय करू?
– व्याकुळ, सांगली

व्याकुळराव, हे संबोधन लिहितानाच मला हसू फुटलं. म्हणजे वहिनींचं निम्मं म्हणणं इथंच खरं ठरलं.

प्रकरण वाचलं. पेव उघडल्यावर कुणी लगेच आत उतरत नाही, आतली कोंडलेली हवा जाईपर्यंत सगळे काठावर बसून राहतात, आणि त्या वेळात दोन भाऊ वाटणीचं बोलून घेतात. फार छान जमलंय. असं लिहिणाऱ्या माणसानं 'व्याकुळ' व्हायची काही गरज नाही. पण म्हणून ते नाव मोडीत काढा असंही मी म्हणणार नाही. ते कवितेचं नाव आहे, कवितेपाशी राहू द्या.

आपल्याकडे ही वाट चांगली मळलेली आहे. कुसुमाग्रजांनी नाटकं वि. वा. शिरवाडकर या नावानं लिहिली. आरती प्रभूंच्या कविता आणि चिं. त्र्यं. खानोलकरांच्या कादंबऱ्या एकाच माणसाच्या. गडकऱ्यांनी तर कवितेला गोविंदाग्रज, विनोदाला बाळकराम आणि नाटकांना स्वतःचं नाव, अशी तीन खाती उघडली होती. दिवाणजींना यापेक्षा वेगळं काय समजावू? तुमच्या मित्रालाही हेच सांगा. कमावलेलं नाव कुठं जात नाही. प्रकाशकाला पाठवायच्या पत्रात एक ओळ टाका की अमुक अंकांत 'व्याकुळ' नावानं कविता आल्या आहेत. तेवढं पुरे.

आता 'संगम हरिपूरकर'. अहो, लपायचंय आणि वर पत्ताही देताय! कृष्णा-वारणेचा संगम हरिपूरला, पेवं हरिपूरची, लेखक हरिपूरकर, आणि आत यार्डातली खडान्‌खडा माहिती. तुमचे शेठ पुस्तक हातात घेतील आणि दुपारच्या चहाच्या आत तुम्हाला हाक मारतील. टोपणनावामागचं माणूस शोधून काढायची हौस आपल्या लोकांना जुनीच आहे. 1933 साली विभावरी शिरूरकरांच्या कथा आल्या तेव्हा गदारोळ उठला, आणि 'ही बाई कोण' हा शोध कथांइतकाच रंगला. पुढं त्या मालती बेडेकर म्हणून सगळ्यांना ठाऊक झाल्याच.

तेव्हा तुमची खरी अडचण नावाची नाही, शेठची आहे. ती कव्हरवर सुटणार नाही, आतच सोडवावी लागेल. तुमचा अडत्या हळकुंड मोडून आधी वास घेतो, मग मोडलेली बाजू उजेडाकडं धरतो, आणि भाव पाडायचा असला की डाव्या कानाची पाळी ओढतो. हळकुंड मोडून रंग बघणं यार्डभर चालतं, ते ठेवा. कानाची पाळी मात्र काढा, ती तुमच्या शेठचीच असणार! दुकान दुसऱ्या गल्लीत न्या, माणसाचं वय बदला, एखादी दुसऱ्या कुणाची लकब त्याला द्या. पात्र त्यानं पडत नाही, उलट तुमच्या हातात येतं. शिवाय प्रकाशकाच्या करारात बहुतेक वेळा एक कलम असतं, की मजकुरावरून कुणी दावा लावला तर जबाबदारी लेखकाची. तिथं टोपणनाव कामाला येत नाही, कारण करारावर सही तुमच्या खऱ्या नावाचीच. मानधनही पॅन कार्डावरच्या नावानंच खात्यात येतं.

एवढं करूनही टोपणनावच हवं वाटलं तर जरूर घ्या, पण कॉपीराइटचं एक ध्यानात असू द्या. आपल्या कायद्यात खऱ्या नावाच्या पुस्तकाचा हक्क लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षं चालतो. टोपणनावाच्या पुस्तकाचा प्रकाशनापासून 60 वर्षं. मधल्या काळात लेखक कोण हे उघड झालं तर मात्र पहिलाच हिशेब लागू होतो. आणि नाव कुठलंही ठरवा, आधी नगर वाचनालयात चौकशी करा, नेटवर शोधा. त्याच नावाचा दुसरा लेखक निघाला तर जन्मभर एकमेकांची पत्रं पोचवत बसाल.

माझा कौल तुमच्या खऱ्या नावाला. पत्राच्या पाकिटावर वाचलं मी ते. साधं आहे, भारदस्त आहे, पेवांच्या कादंबरीवर शोभेल. काय ते आत्ताच ठरवा. हस्तलिखित एकदा प्रकाशकाकडं गेलं, त्यांनी चार जणांना वाचायला दिलं, की नाव बदलताना तुम्हीही वैतागाल आणि तेही.

डीटीपीवाल्याकडून फाइल पुन्हा एकदा नीट करून घ्या. त्यानं प्रत्येक पानाच्या तळाशी 'व्याकुळ' छापलंय, अर्पणपत्रिकेखालीसुद्धा. पानांना क्रमांक नाहीत, तेही घालायला सांगा. मूळ प्रत घरीच ठेवा. तीन-चार महिने उत्तर आलं नाही तर एक पत्र टाका, रोज फोन करू नका. अडतीवरची वसुलीची सवय तिकडं चालत नाही.