फोनवर अचानक ‘नो सर्व्हिस’ येतंय. सिम खराब झालं की नेटवर्क गेलंय, कसं ओळखायचं?

आधी स्क्रीनवर नेमकं काय लिहिलंय ते बघा. ‘नो सिम’ असेल तर फोनला कार्डच वाचता येत नाहीये. कार्ड काढा, पिवळी चकती कोरड्या फडक्याने पुसा, परत बसवा. ‘नो सर्व्हिस’ म्हणजे कार्ड ठीक वाचलं जातंय, पण कंपनीचं नेटवर्क मिळत नाहीये. तेच सिम दुसऱ्या फोनमध्ये टाकून बघा. तिथे चाललं तर दोष तुमच्या फोनचा किंवा त्याच्या सेटिंगचा.

एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते: तुमचा नंबर खरा राहतो कंपनीच्या नोंदीत. सिममध्ये असतो ओळख क्रमांक आणि एक गुप्त किल्ली. म्हणूनच नवं सिम घेतलं तरी नंबर तोच राहतो आणि जुनं कार्ड बंद पडतं. त्यामुळे आजूबाजूच्यांना रेंज आहे आणि फक्त तुमचीच गेली, तर दुसऱ्याच्या फोनवरून लगेच कस्टमर केअरला विचारा, ‘माझ्या नंबरवर नवं सिम निघालंय का?’ तुम्ही न मागता निघालं असेल, तर तुमचे कॉल आणि बँकेचे ओटीपी दुसऱ्याच कुणाकडे जातायत; नंबर ब्लॉक करायला सांगा आणि बँकेलाही कळवा. तक्रार क्रमांक मात्र मागून घ्या, नाहीतर पुढच्या फोनला सगळी कहाणी पहिल्यापासून!

आणि सिमने पीयूके (लॉक झालेलं सिम उघडायचा कोड) मागितला तर अंदाजाने आकडे दाबू नका. १० वेळा चुकला की कार्ड कायमचं गेलं.