'सॉर्टिंग'ला मराठीत काय म्हणावं?

ऐरोलीच्या एक शिक्षिका शेजारपाजारच्या मुलांना मराठीतून जावास्क्रिप्ट ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकवतात. त्यांनी विचारलंय : 'बबल सॉर्ट' ही यादी क्रमाने लावायची एक पद्धत शिकवताना त्या लावण्याला, म्हणजे सॉर्टिंगला, वर्गीकरण म्हणू, क्रमवारी म्हणू, की सरळ सॉर्टिंगच?

ताई, वर्गीकरण अजिबात नको. वर्गीकरणात गट पडतात. गटात कोण पुढे, कोण मागे याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. ते काम करणारं 'ग्रुपबाय' नावाचं वेगळं फंक्शन, म्हणजे ठरावीक काम करणारा प्रोग्रॅमचा तुकडा, जावास्क्रिप्टच्या २०२४च्या मानकात आलेलं आहे. सॉर्टला आज वर्गीकरण म्हटलंत, तर त्या धड्यापाशी पोचल्यावर हाताशी शब्दच उरणार नाही. 'निवडणे'ही नको. तांदूळ निवडताना आपण खडे काढून टाकतो, म्हणजे ते 'फिल्टर'चं काम झालं.

क्रमवारी हा जवळचा शब्द आहे, पण वर्तमानपत्रांनी तो रँकिंगला देऊन टाकलाय : आयसीसीची क्रमवारी, विद्यापीठांची क्रमवारी. मुलांच्या डोळ्यांपुढे लगेच पहिला-दुसरा नंबर येतो. त्यापेक्षा 'क्रम लावणे' हे क्रियापद घ्या. 'खालील संख्या चढत्या क्रमाने लिहा' हे प्राथमिकच्या गणितात त्यांनी कितीदा तरी केलेलं असतं. चढता आणि उतरता हे दोन्ही शब्द त्यांना आधीच येतात, नव्याने काही शिकवावं लागत नाही.

मग धडा असा सांगता येतो : '५, ३, ८, १ यांचा चढता क्रम लावू. शेजारचे दोन आकडे बघा, डावीकडचा मोठा असेल तर अदलाबदल करा. ५ आणि ३ची अदलाबदल. ५ आणि ८ जागच्या जागी. ८ आणि १ची अदलाबदल. पहिली फेरी संपली, यादी झाली ३, ५, १, ८. सगळ्यात मोठा आकडा शेवटी जाऊन बसला, आता पुढच्या फेरीत त्याला हात लावायचा नाही.' 'स्वॅप'ला अदलाबदल, 'पास'ला फेरी. एकही शब्द घडवावा लागला नाही. बबल सॉर्ट, क्विकसॉर्ट ही मात्र सॉर्टिंगच्या पद्धतींची विशेषनामं आहेत, ती तशीच राहू द्या.

क्रम म्हटला की 'कशाचा क्रम?' हे ओघानंच येतं, आणि या शब्दाचा मला सर्वांत मोठा फायदा तोच वाटतो. जावास्क्रिप्टचं तयार 'सॉर्ट' काही न सांगता वापरलं, तर ते आकड्यांचीही तुलना अक्षरांसारखी करतं. ५, १०, १५, २० दिलेत तर मिळतं १०, १५, २०, ५, कारण पहिला अंक बघितला तर पाचाच्या आधी एक आणि दोन येतात. मोलाप्रमाणे क्रम हवा असेल तर 'पहिल्यातून दुसरा वजा कर' असं तुलनेचं फंक्शन सोबत द्यावं लागतं.

मराठी शब्दांची गंमत तर आपल्या ठाण्याच्या रेल्वेमार्गावरच दाखवता येईल. कल्याण, कसारा, कळवा हा आपल्या वर्णमालेचा क्रम, कारण आपला 'ळ' 'ह'नंतर येतो. युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकात प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या यादीत, 'ळ' 'ल'च्या लगेच पुढे असल्यानं तयार 'सॉर्ट' कल्याण, कळवा, कसारा असा क्रम लावतं. मराठीप्रमाणे लावायचं तर 'लोकेलकम्पेअर' हे भाषेनुसार तुलना करणारं फंक्शन वापरून त्याला 'एमआर' हा भाषेचा संकेत द्यावा लागतो. अक्षरांच्या या क्रमाला मराठीत 'अकारविल्हे' असा नेमका शब्द आहे. विल्हे म्हणजे मांडणी, व्यवस्था. विल्हेवाटीतलं विल्हे तेच. आकड्यांसाठी 'चढत्या क्रमाने' आणि नावांसाठी 'अकारविल्हे' असे दोन शब्द दिलेत, की तुलनेचं फंक्शन का लागतं ते मुलांना वेगळं समजावून सांगावं लागणार नाही.