शाळेत पोलीस येणार, तर कोणत्या अटींवर? वाचकांचे प्रश्न

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रे एकाच विषयाभोवती फिरणारी निघाली, म्हणून ती एकत्र घेतली आहेत. पत्रलेखकांची नावे त्यांच्या इच्छेनुसार दिलेली नाहीत. उत्तरे देणारा मी स्वतः कोकणातल्या निरनिराळ्या पोलीस ठाण्यांत नोकरी करून निवृत्त झालेला आहे, तेव्हा माझ्या उत्तरांत खात्याविषयीची आपुलकी आणि खात्याविषयीची तक्रार या दोन्ही गोष्टी आढळल्यास वाचकांनी आश्चर्य मानू नये.

प्रश्न : मी रत्नागिरी शहरातील एका माध्यमिक शाळेची मुख्याध्यापिका आहे. आठवी-नववीच्या मुलांसाठी वर्षभराचा उपक्रम सुरू करावा, असा प्रस्ताव पोलीस ठाण्याकडून आमच्याकडे आला आहे. त्यात मार्गदर्शन, कवायत, खेळ आणि ठाण्याची भेट यांचा समावेश आहे. बंदराच्या बाजूने येणाऱ्या मुलांचे काही पालक मात्र नाराज आहेत. ‘पोलीस शाळेत फिरू लागले की आमच्या मोहल्ल्याचे नाव आणखी खराब होणार,’ असे ते म्हणतात. उलट आमच्यातील दोन-तीन शिक्षकांना वाटते की, व्रात्य मुले निवडून त्यांना एकदा लॉकअप दाखवून आणावे, म्हणजे ती वठणीवर येतील. आम्ही होकार नेमका कशाला द्यावा?

उत्तर : बाई, होकार द्या, पण ठाण्याकडून तीन गोष्टी आधी लेखी ठरवून घ्या आणि शिक्षकांची ती सूचना मात्र तिथल्या तिथे बाजूला ठेवा.

प्रथम त्या सूचनेविषयी. मुलांना तुरुंग दाखवून घाबरवण्याचा प्रयोग जगात झालेला आहे. अमेरिकेत न्यू जर्सी राज्यातील राहवे येथील तुरुंगात १९७० च्या दशकात जन्मठेपेचे कैदी वाट चुकलेल्या मुलांवर ओरडून त्यांना तुरुंगातले जिणे सांगत असत, आणि त्याची एवढी वाहवा झाली की तसेच कार्यक्रम इतर राज्यांतही निघाले. पुढे काही मुलांना पाठवून आणि काहींना न पाठवता तुलना करण्यात आली, तेव्हा तुरुंग पाहून आलेल्या मुलांमध्ये गुन्ह्यांचे प्रमाण कमी होण्याऐवजी वाढलेलेच दिसले. मला याचे नवल वाटत नाही. ज्या मुलाला ‘तू व्रात्य म्हणून तुला निवडले’ असे वर्गासमोर सांगून गाडीत बसवले जाते, तो परत आल्यावर वर्गातला सर्वांत प्रसिद्ध मुलगा झालेला असतो आणि ती प्रसिद्धी टिकवण्याची जबाबदारी त्याच्यावर येऊन पडते. ठाण्याची भेट ठेवायचीच असेल तर संपूर्ण वर्गाची ठेवा. २ जानेवारीला महाराष्ट्र पोलीस स्थापना दिन असतो आणि त्या आठवड्यात पुष्कळ ठाणी शाळांसाठी खुली केली जातात. तक्रार लिहून घेणारा अंमलदार कोठे बसतो, ११२ वर फोन लागला की पुढे काय होते, तक्रारीची प्रत मागण्याचा आपला हक्क काय, हे मुलांनी पाहावे. लॉकअपच्या गजांसमोर त्यांना उभे करून छायाचित्र काढण्याची काही गरज नाही.

आता उपक्रमाविषयी. विद्यार्थी पोलीस कॅडेट ही योजना केरळने २०१० साली सुरू केली. तेथे शाळेतील शिक्षकच या कामाचे प्रशिक्षण घेऊन मुलांबरोबर राहतात आणि कवायतीसाठी जवळच्या ठाण्याचे पोलीस येतात. २०१८ च्या जुलैत केंद्र सरकारने ती देशभर आणली, तेव्हा आठवी-नववीची मुले डोळ्यांसमोर ठेवण्यात आली आणि पाठ्यपुस्तक नाही, परीक्षा नाही, साधारणपणे महिन्याला एक तास, असे तिचे स्वरूप ठरले. परीक्षा नसणे चांगलेच, परंतु महिन्याला एक तास म्हणजे शाळेच्या वर्षात जेमतेम दहा तास, आणि त्यांतला एखादा गणपतीच्या बंदोबस्तात, एखादा शिमग्याच्या पालख्यांत, एखादा मंत्र्यांच्या दौऱ्यात जाणारच. तेव्हा हे काम ठाण्याच्या भरवशावर न सोडता शाळेने आपला एक शिक्षक त्याला कायम जोडून द्यावा, ही केरळची पद्धत मला अधिक पटते.

लेखी घ्यायच्या तीन गोष्टींपैकी पहिली अशी की, वर्षभर येणारी व्यक्ती एकच असावी आणि तिचे नाव आधी कळवलेले असावे. शक्य तर ती वस्ती ज्याच्याकडे सोपवलेली असते तो बीट अंमलदार किंवा महिला अंमलदार यावी. साहेबांचे भाषण मुले ऐकतात, टाळ्या वाजवतात आणि विसरतात. अमेरिकेत १९८३ साली लॉस एंजेलिसमध्ये अमली पदार्थांविरुद्ध गणवेशातील पोलिसांकडून वर्गात धडे देण्याचा मोठा उपक्रम सुरू झाला. तो देशभर पसरला, त्याचे बिल्ले नि टी-शर्ट घरोघर गेले, पण पुढे झालेल्या अनेक मूल्यमापनांत मुलांच्या व्यसनांवर त्याचा फारसा परिणाम आढळला नाही. नुसते सांगून मुले बदलत नाहीत, हे शिक्षकांना मी काय सांगावे!

दुसरी अट अधिक महत्त्वाची आहे. मुलांबरोबर काम करणारा पोलीस गोपनीय शाखेचा नसावा आणि या तासांचा उपयोग बातमी काढण्यासाठी होणार नाही, असे पोलीस निरीक्षकांनी स्पष्ट मान्य करावे. तुमच्या पालकांची भीती मला अनाठायी वाटत नाही. ‘तुझा भाऊ रात्री कुठे असतो रे?’ असा एक प्रश्न सहज म्हणून विचारला गेला, तरी संध्याकाळपर्यंत ती गोष्ट जेटीवर पोहोचते, आणि दुसऱ्या दिवसापासून त्या वस्तीतली मुले त्या तासाला पोटात दुखते म्हणून घरी राहू लागतात. याला अपवाद एकच : मुलावर लैंगिक अत्याचार होत असल्याचे कळले, तर पोक्सो कायद्यानुसार ते कळवणे पोलिसालाही बंधनकारक आहे आणि तुम्हालाही. ही गोष्ट पालकांच्या सभेत आधीच सांगून टाकावी.

तिसरी अट छायाचित्रांची आहे. ‘भरकटलेल्या मुलांना पोलिसांनी दिली दिशा’ असा मथळा आणि खाली तुमच्या वस्तीतील आठ मुलांचे चेहरे, हे पालकांना नको असेल तर त्यांचे काय चुकले? कायद्याशी संघर्ष झालेल्या, म्हणजे गुन्ह्याचा आरोप असलेल्या, किंवा काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या बालकाची ओळख प्रसिद्ध करण्यास २०१५ च्या बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ ने बंदीच आहे. इतरांच्या बाबतीतही पालकांना विचारल्यावाचून छायाचित्र देऊ नये.

असे काम जमते कसे, हे एका आठवणीवरून सांगतो. मी एका बंदराच्या ठाण्यात असताना आमचा एक हवालदार दर शुक्रवारी संध्याकाळी मुलांबरोबर वाळूत व्हॉलीबॉल खेळायला जात असे. त्याला खेळ बेताचाच येत होता. पण नेट फाटले की तो ते मांडीवर घेऊन बसे आणि एका खारवी मुलाकडून जाळे विणायच्या सुईने गाठ कशी मारायची हे शिकत बसे. गाठ चुकली की मुलगा ती उसवून टाकी आणि ‘परत करा’ म्हणे. जवळजवळ वर्षभर यातून काही निष्पन्न झाले नाही, आणि वरिष्ठांना पाठवायच्या अहवालात काय लिहावे हा मला प्रश्नच पडे. मग एका संध्याकाळी अकरावीतला एक मुलगा खेळ संपल्यावर मागे रेंगाळला. गावातल्या कोणीतरी त्याला पाच हजार रुपये देऊ केले होते, आणि त्या बदल्यात त्याचे बँक खाते, एटीएम कार्ड व सिमकार्ड महिनाभरासाठी मागितले होते. ‘यात काय वाईट?’ असे त्याने विचारले. ऑनलाइन फसवणुकीचे पैसे अशाच मुलांच्या खात्यांतून पुढे सरकवले जातात आणि तपास सर्वांत आधी खातेदाराच्याच दारात येतो, हे हवालदाराने उपड्या होडीवर बसून त्याला समजावले. त्या मुलाला ठाण्यात आणले नाही, त्याचे नाव मलाही सांगितले नाही. ते सांगावे असा मी आग्रह धरला होता, हे येथे कबूल करतो.

त्या हवालदाराची बदली झाली तशी शुक्रवारची संध्याकाळही थांबली. म्हणून म्हणतो, शाळेचा शिक्षक बरोबर हवाच.

प्रश्न : माझा मुलगा १६ वर्षांचा आहे. मित्राची मोटारसायकल चालवताना त्याला पोलिसांनी अडवले, तेथे बाचाबाची झाली आणि त्याला ठाण्यात बोलावले आहे. त्याला पुढे पोलीस भरतीत उतरायचे आहे. नाव एकदा लागले की सगळे संपले, असे शेजारी सांगतात. ठाण्यातून त्याला मुलांच्या एका उपक्रमात येण्यासही सुचवले आहे. ते खरे की सापळा?
एक पालक, चिपळूण

उत्तर : शेजाऱ्यांचे ऐकू नका, पण प्रकरण हलकेही घेऊ नका. मुलाबरोबर तुम्ही स्वतः जा आणि बाल कल्याण पोलीस अधिकारी कोण, असे विचारा. बाल न्याय कायद्याच्या कलम १०७ नुसार प्रत्येक ठाण्यात तसा अधिकारी असावा लागतो आणि तो सहायक फौजदाराच्या दर्जाहून खालचा नसतो. अठरा वर्षांखालील मुलाला कोठडीत ठेवता येत नाही. ताब्यात घेतलेच तर चोवीस तासांच्या आत त्याला बाल न्याय मंडळासमोर हजर करावे लागते. केंद्राच्या २०१६ च्या आदर्श नियमांनुसार गुन्हा घोर स्वरूपाचा नसेल आणि त्यात प्रौढ माणसे सामील नसतील, तर एफआयआर न नोंदवता ठाणे दैनंदिनीत नोंद करून मुलाच्या घरच्या परिस्थितीचा अहवाल तयार करायचा असतो. मंडळासमोर दोष सिद्ध झाला तरी कलम २४ नुसार त्यामुळे मुलावर अपात्रता येत नाही. सोळा वर्षांवरील मुलावर घोर गुन्ह्यासाठी प्रौढाप्रमाणे खटला चालला, तरच अपवाद, आणि तुमच्या मुलाचा प्रश्न त्या जातीचा दिसत नाही.

मोटारसायकलची बाजू मात्र महाग पडू शकते. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली घातलेल्या कलम १९९अ नुसार पालकाला किंवा वाहनमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद व पंचवीस हजार रुपये दंड होऊ शकतो, वाहनाची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते आणि मुलाला वयाच्या पंचविसाव्या वर्षापर्यंत परवाना मिळत नाही. येथे वाहन मित्राचे असल्यामुळे त्याच्या घरीही तुम्हीच सांगून या.

उपक्रमाला पाठवायला हरकत नाही. फक्त ती शिक्षा आहे की निमंत्रण आहे, हे आधी विचारा. ‘आला नाही तर बघून घेऊ’ असे उत्तर आले तर पाठवू नका आणि जिल्ह्याच्या विशेष बाल पोलीस पथकाकडे जा. त्यात दोन सामाजिक कार्यकर्ते असतात, आणि त्यांतील एक महिला असावी लागते.

प्रश्न : आमच्या मित्रमंडळाला गणपतीच्या आधी शांतता समितीच्या बैठकीचे बोलावणे येते, चहा होतो, मिरवणुकीची वेळ सांगितली जाते आणि पुढल्या वर्षापर्यंत कोणी विचारत नाही. तरुणांचा पोलिसांशी वर्षभर संबंध राहावा यासाठी आम्हीच काही करू शकतो का?
मंडळाचे कार्यकर्ते, रत्नागिरी

उत्तर : करू शकता, आणि त्याचे उदाहरण कोकण विभागातच आहे. १९७० आणि १९८४ च्या दंगलींनी होरपळलेल्या भिवंडीत पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी दोन्ही समाजांतील रहिवाशांच्या मोहल्ला समित्या उभ्या केल्या. सण असो वा नसो, त्या नियमित बसत आणि गटारापासून भाडेकरूच्या भांडणापर्यंत सगळे तेथे निघे. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबई पेटलेली असताना भिवंडी शांत राहिली. पुढे मुंबईतही मोहल्ला समित्या झाल्या आणि त्यांनी वस्त्यावस्त्यांतील मुलांचे क्रिकेटचे सामने भरवले.

तुम्ही समितीचे नवे नाव, बोधचिन्ह, टी-शर्ट यांत पडू नका. तुमच्या बीट अंमलदाराला महिन्यातून एकदा, ठरलेल्या वारी, मंडळाच्या जागेत बोलवा आणि पहिल्या दोन बैठकांत सणाचा विषयच काढू नका. रस्त्यावरचे बंद दिवे, शाळेपासून शंभर यार्डांच्या आत गुटखा-सिगारेट विकणारी टपरी, सुसाट जाणाऱ्या दुचाक्या, असे विषय घ्या. मंडळातील मुले समुद्रावर जाणारी असतील तर किनाऱ्यावर नजर ठेवण्यात पोलिसांना मदत करणाऱ्या गावकऱ्यांच्या सागर सुरक्षा दलाविषयी ठाण्यात विचारा, कारण संशयास्पद नौका प्रथम मच्छीमारालाच दिसते. मुंबईतल्या १९९३ च्या बॉम्बस्फोटांसाठीचे आरडीएक्स रायगडच्या शेखाडी किनाऱ्यावर उतरले होते, हे मंडळातल्या आजच्या मुलांपैकी अनेकांना ठाऊकही नसेल.

बैठक जूनमध्ये सुरू करा. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत मासेमारी बंद असते, होड्या शाकारलेल्या असतात आणि एरवी रात्री समुद्रावर असणारी मुले त्या दोन महिन्यांत संध्याकाळी घरी सापडतात. ठाण्यावरही गणपतीच्या बंदोबस्ताचा ताण अजून पडलेला नसतो, त्यामुळे ‘वेळ नाही’ हे उत्तर अंमलदाराला तेव्हा सहजासहजी देता येणार नाही.