साडी नको, कुंदा ने

चि. पोरी,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या जन्मदात्या आईकडून भेटीला होकार आल्याचं कळलं, बरं वाटलं. तू विचारलंयस, तिच्यासाठी इरकल घेऊ की पैठणी. दोन्ही नको. साडी घरात गेली की नवरा विचारणार, सून विचारणार, शेजारीण तर पदर हातात धरून विचारणार, कुठली गं ही? तिच्या घरात तुझ्याबद्दल कुणाला किती ठाऊक आहे ते आपल्याला अजून कळलेलं नाही. अर्धा किलो कुंदा ने, ती बेळगावची दुधाची मिठाई. बेळगावला गेलेलं माणूस कुंदा घेऊन येतंच, त्याचा जाब कुणी मागत नाही, आणि संध्याकाळपर्यंत तो संपतोही.

तुझ्या बाकीच्या प्रश्नांचं उत्तरही मी याच अंगानं देणार आहे. पहिली भेट तिच्या सोयीनं होऊ दे. तुझ्या हाताशी शिक्षण आहे, पगार आहे, पाठीशी आई-बाबा आहेत. तू ही गोष्ट चारचौघांत सांगितलीस तर लोक हळहळतील. तिनं सांगितली तर उद्या पाणवठ्यावर काय बोलणी होतील ते मी तुला सांगायला नको. मूल सोडलेली बाई म्हटलं की आपल्या भागात लोक सौंदत्तीच्या यल्लम्माच्या डोंगरापासून, देवदासी असेल इथूनच, सुरुवात करतात, खरं काय झालं ते विचारतसुद्धा नाहीत.

कागदाचं उरकून टाकते. २०२२ च्या दत्तक नियमावलीप्रमाणे अठरा वर्षं पूर्ण झालेल्या दत्तक मुलाला आपल्या मुळाचा शोध घ्यायला स्वतः अर्ज करता येतो. ‘कारा’ म्हणजे केंद्राचं दत्तक प्राधिकरण, जिल्हा बाल संरक्षण कक्ष, दत्तक संस्था यांनी मदत करायची असते. पण मूल सोपवताना आईनं नाव गुप्त ठेवायला सांगितलं असेल, तर तिची लेखी संमती लागते. तिनं नकार दिला असता तरी तुला का सोपवलं, ते कारण तुला कळवलं गेलं असतं. पत्ता मिळाला नसता. तुझ्या मित्रानं सुचवलेल्या त्या ‘शोधून देणाऱ्या’ माणसाचा नंबर पुसून टाक. त्रयस्थानं असा शोध घ्यायला परवानगीच नाही. यूट्यूबवाल्यांना तर वासही लागू देऊ नकोस. ‘मराठी लेक, कन्नड आई’ असं पाटीवर लिहून ते दारात उभे राहतील. महाराष्ट्र-कर्नाटक सीमेचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे, तो तिथंच राहू दे.

भेट संस्थेच्या ऑफिसात, गावात अजिबात नाही. गावात गेलीस की अर्ध्या तासात ओसरी भरेल, कोण चुलता, कोण मामा, आणि ती बिचारी चुलीपाशी चहा करत बसेल.

भाषेचं मात्र मनावर घे. बेळगावच्या वडगावात मागांच्या खडखडाटात वाढलीस, तुझं कन्नड बसमधलं आणि बाजारातलं. गोकाककडचं त्यांचं बोलणं तुला निम्मं कळेल. सोबत दुभाषी बाई हवीच, पण ओळखीतली नको आणि त्यांच्या गावाकडची तर नकोच. संस्थेतल्या बाई करतील. त्यांना आधी सांगून ठेव, ती जे बोलेल तेवढंच सांगा, गोड करून सांगू नका. आमच्या बायकांना ती फार खोड.

नोकरीत असताना मी अशा भेटींना खोलीत बसलेली आहे. एक अजून डोळ्यासमोर आहे. मुलीनं मोबाईलवर प्रश्न लिहून आणले होते, एकाखाली एक. आई आली, चपला दाराबाहेर काढल्या, खुर्ची दिली तरी कडेवरच टेकली. पिशवीतून फडक्यात बांधलेल्या कडक भाकरी आणि शेंगाची चटणी काढून टेबलावर ठेवली. मग उठून मुलीच्या कानाला हात लावला आणि विचारलं, कान कधी टोचले? मुलीला ते माहीत नव्हतं. तिनं तिथूनच घरी फोन लावला, आणि वाढवलेल्या आईनं दिवस, सोनार, किती रडली ते सगळं सांगितलं. ऑफिसातल्या बाई कन्नडात सांगत होत्या, ती ऐकत होती. मोबाईलवरचे प्रश्न त्या दिवशी तसेच राहिले.

तेव्हा ‘का सोडलंस’ हा प्रश्न तू काढू नकोस. ती आपणहून सांगेल तेवढं ऐक. विचारायचंच असेल तर घरात साखर, रक्तदाब, दमा कुणाला आहे ते विचार. ते तुला उपयोगी आहे आणि सांगताना तिची मान खाली जात नाही.

आता भावांचं. तिला मुलगे आहेत, म्हणजे आज ना उद्या त्यांना कळणार, आणि कळलं की पहिली शंका एकच: ही उताऱ्यावर नाव लावायला आली काय? वाईट वाटून घेऊ नकोस. दोन एकर ऊस आणि त्यात दोन वाटेकरी असले की माणूस असाच विचार करतं. १९५६ च्या हिंदू दत्तक कायद्यानं दत्तक दिल्या दिवसापासून तू सर्व अर्थानं वडगावच्या तुझ्या घरची, जन्मघरच्या वाटणीत तू येत नाहीस. जन्मघराशी एक बंधन मात्र कायद्यानं राखलंय, तिथं ज्यांच्याशी लग्न चाललं नसतं त्यांच्याशी आताही चालत नाही. हे त्यांना तू सांगू नकोस, संस्थेकडून सांगितलं जाऊ दे. तुझ्या तोंडून ते उपकारासारखं ऐकू येईल.

उलटंही होतं. कुणाला ट्रॅक्टरचा हप्ता आठवतो, कुणाला लग्न. पहिलं वर्षभर फोनपेवर एक रुपया पाठवायचा नाही. दगडासारखी वाटेन, वाटू दे. आधी नातं काय आहे ते कळू दे, मग काय द्यायचं ते ठरव.

आईला सांगितलंयस ना? नसशील तर हे पत्र बाजूला ठेव आणि आधी तिला सांग. ती म्हणेल, जा की, मला काय त्याचं, आणि दोन दिवस भांडी आपटेल. आपटू दे. तिला ऑफिसात मात्र नेऊ नकोस. दोन आया समोरासमोर बसल्या की तू त्यांच्यामध्ये बघत राहशील आणि कुणाशीच बोलणार नाहीस.

तारीख बाजारादिवशीचीच येईल, कारण तिला घराबाहेर पडायला तेवढंच निमित्त आहे. ऐनवेळी रद्दही होईल, नातवाला ताप, नाहीतर पाहुणे. पुण्याचं परतीचं तिकीट म्हणून आधी काढू नकोस. ती आली नाही तर तिला फोन लावायचा नाही. ऑफिसातल्या बाई मला कळवतील, मी तुला. मग पुढचा बाजार बघू.

तुझी,
मावशी